संगणकाच्या पेटीतील रोषणाई : आधी हिशेब, मग दिवा

आपल्या वस्त्यांमधून हल्ली एक नवीनच शोभा पाहावयास मिळते. मुलाच्या किंवा मुलीच्या अभ्यासासाठी घरात डेस्कटॉप संगणक येतो. त्याच्या उभ्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची, एक बाजू काचेची असते आणि आत लाल, निळे, जांभळे दिवे लागलेले असतात. संध्याकाळी दारावरून जाणारा माणूस क्षणभर थांबून पाहतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "अभ्यासाला संगणक आणला की तमाशाला?" आणि मुले म्हणतात, "तुम्हाला यातले काही कळत नाही." येथेच संवाद संपतो आणि दिवे लागतच राहतात.

या वादात आम्हाला कोणाचीच बाजू घ्यावयाची नाही. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला विहारापासून नाक्यापर्यंत रोषणाई करणाऱ्या समाजाने शोभेला नावे ठेवू नयेत. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अंधार होता त्यांच्या मुलांना उजेडाची हौस असणारच. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या दिव्यांना वीज कोठून मिळते, किती मिळते आणि किती मिळावयास हवी, हा हिशेब त्या घरात कोणा एकाला तरी ठाऊक आहे काय? पतपेढीचे कर्ज काढून, पगारातून हप्ते कापून घेतलेले यंत्र चुकीच्या पिनेमुळे एका क्षणात निकामी होऊ शकते. आणि घरात अर्थिंग नसेल तर प्रश्न यंत्राचा उरत नाही, जिवाचा होतो. म्हणून हा लेख.

वीज हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. त्यांच्याच खात्याखाली १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशाच्या विजेचा आराखडा मांडणाऱ्या नेत्याच्या अनुयायांनी आपल्या घरातील एका पेटीच्या विजेचा हिशेब शिकून घेऊ नये, हे बरे दिसत नाही.

पेटीत वीज येते कोठून?

भिंतीवरील सॉकेटमधून २३० व्होल्टची वीज येते. संगणकाच्या आतील नाजूक भागांना ती चालत नाही. म्हणून पेटीत मागच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. हा डबा २३० व्होल्टचे प्रामुख्याने १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो व निरनिराळ्या वायरींतून बाहेर देतो. पूर्वापार पद्धतीने पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी म्हणजे परतीची. अलीकडे पुष्कळ डब्यांच्या सर्वच वायरी काळ्या असतात. तेथे रंगावर विसंबून चालत नाही, प्लग आणि मीटर यांचीच साक्ष घ्यावी लागते.

शोभेच्या दिव्यांना वीज देण्याचे मार्ग साधारणपणे तीन. पहिला, एसएमपीएसमधून निघणारा चार पिनांचा मोठा प्लग. याला बाजारात मोलेक्स म्हणतात. त्यात एक पिवळी, एक लाल आणि मधल्या दोन काळ्या वायरी असतात. दुसरा, साटा नावाचा चपटा प्लग. यातूनच हार्ड डिस्कलाही वीज जाते. तिसरा मार्ग म्हणजे मदरबोर्डवर खास दिव्यांसाठी ठेवलेल्या पिना. या तिसऱ्या मार्गाने दिव्यांचे रंग संगणकातूनच बदलता येतात, म्हणून मुलांना तो अधिक आवडतो. सर्वाधिक घोटाळेही त्याच मार्गावर होतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एसएमपीएसचा डबा कोणीही, कोणत्याही कारणासाठी उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. आपले काम डब्याबाहेरच्या वायरींपुरतेच.

जयंतीची माळ आणि पेटीतील पट्टी

विजेच्या माळा बांधणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना पुढील गोष्ट चटकन समजेल. जुन्या माळेतील एक बल्ब गेला की सगळी माळ विझत असे. कारण ते बल्ब एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडलेले असत. सहा व्होल्टचे चाळीस बल्ब घेतले तर बेरीज २४० व्होल्ट होते, म्हणून ती माळ थेट घरच्या विजेवर चाले. प्रत्येक बल्बच्या वाट्याला थोडा थोडा दाब येई.

संगणकात लावण्याची १२ व्होल्टची एलईडी पट्टी याच तत्त्वावर बनते. निळ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. असे तीन एका ओळीत जोडले की झाले ९.६ व्होल्ट. उरलेले २.४ व्होल्ट एक छोटा रेझिस्टर आपल्या अंगावर घेतो. अशा तीन-तीन दिव्यांच्या तुकड्या शेजारी शेजारी जोडून लांब पट्टी तयार होते. म्हणूनच ही पट्टी दर तीन दिव्यांनंतर, जेथे कापण्याची खूण असते तेथेच कापावी लागते. मध्येच कापली तर ती तुकडी पेटत नाही.

काही मुले सुटा एलईडी विकत आणून स्वतः जोडतात. हे शिकण्याच्या दृष्टीने उत्तमच. परंतु सुट्या एलईडीला रेझिस्टरशिवाय १२ व्होल्टला लावला तर तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जळतो. हिशेब असा : १२ मधून ३.२ वजा केले, उरले ८.८ व्होल्ट. एलईडीतून २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर वीज जाऊ द्यावयाची. ८.८ ला ०.०२ ने भागले की ४४० ओहम येतात. बाजारात ४७० ओहमचा रेझिस्टर सहज मिळतो, तो पाव वॅटचा घ्यावा. सातवीतील मुलालाही करता येणारा हा भागाकार आहे.

या निळ्या दिव्यामागेही एक शिकण्यासारखी कथा आहे. लाल आणि हिरवे एलईडी पुष्कळ आधीपासून होते, परंतु प्रखर निळा एलईडी अनेक वर्षे कोणालाच साधत नव्हता. जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी विद्यापीठात, तर शुजी नाकामुरा यांनी टोकुशिमा या लांबच्या प्रांतातील एका कंपनीत नोकरी करताना या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. १९९३ साली नाकामुरा यांनी प्रखर निळा दिवा जगापुढे ठेवला तेव्हा त्यांच्याजवळ डॉक्टरेटही नव्हती. या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या स्वयंपाकघरातील पांढरा एलईडी बल्बसुद्धा निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊनच बनतो. तेव्हा पेटीतील निळा उजेड पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्यामागचे कष्टही ध्यानात घ्यावेत.

बारा आणि पाच यांची गल्लत

मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन प्रकारच्या पिना असतात. चार पिनांची जागा १२ व्होल्टची. तिला आरजीबी म्हणतात. तेथे लावलेली संपूर्ण पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. दुसरी तीन पिनांची जागा ५ व्होल्टची. तिला एआरजीबी म्हणतात. तिच्यात चार घरांपैकी एक घर रिकामे असते. या पट्टीतील प्रत्येक दिव्यात एक सूक्ष्म चिप असते आणि मदरबोर्डकडून येणाऱ्या आज्ञेप्रमाणे प्रत्येक दिवा आपला निराळा रंग दाखवतो. ती धावणारी, लाटेसारखी रोषणाई याच पट्टीची.

नावात एका अक्षराचा फरक आहे, पण दाब दुपटीहून अधिक आहे. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्ट मिळाले की तिच्यातील चिपा जळतात, आणि नशीब खोटे असेल तर मदरबोर्डलाही इजा होते. प्लग आणि पिना दिसायला इतक्या सारख्या असतात की काही प्लग उलटे किंवा एक घर सरकवूनही बसतात. प्लग बसला म्हणजे जोड बरोबर आहे, असे मुळीच नाही.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत घडलेला प्रसंग सांगतो. डिप्लोमा करणाऱ्या एका तरुणाने नवीन संगणक जुळवायला घेतला होता. वडील सफाई खात्यात, आणि पैसा पतपेढीचा. दुकानदाराने पट्टी देताना सांगितले होते, "कुठेही लाव, चालते." तरुण चार पिनांच्या जागेवर पट्टी लावण्याच्या बेतात होता. शेजारी बसलेल्या बारावीच्या मुलीने पट्टी उजेडात धरली आणि तिच्यावरील बारीक अक्षरे वाचली. पट्टीवर पाच व्होल्ट छापलेले, मदरबोर्डवर पिनांशेजारी बारा. ती एवढेच म्हणाली, "दादा, थांब. आकडे जुळत नाहीत." त्याने मदरबोर्डची पुस्तिका काढली, तीन पिनांची जागा शोधली आणि पट्टी तेथे लावली. दिवे लागले. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, परंतु त्या दिवशी एका घराचे अनेक महिन्यांचे हप्ते वाचले.

ऐकीव गोष्टीवर, सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. दुकानदाराचे "चालते" हेही ऐकीवच. पट्टीवरील आकडा, पुस्तिकेतील आकडा आणि मीटरवरील आकडा हे तिन्ही जुळले तरच जोड द्यावा.

एआरजीबी पट्टीची आणखी एक खोड आहे. तिच्यात आज्ञा एकाच दिशेने जाते. पट्टीवर त्यासाठी बाणाची खूण असते. बाणाच्या उलट बाजूने जोडली तर पट्टी चांगली असूनही नीट पेटत नाही, आणि मुले ती खराब समजून परत करायला निघतात. आधी बाण पाहावा.

अँपिअरचा जमाखर्च

व्होल्ट जुळले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम अँपिअरचे, आणि ते निव्वळ हिशेबनीसाचे आहे. जमेच्या बाजूला : मदरबोर्डवरील दिव्यांच्या एका जागेतून किती वीज घेता येते? पुष्कळ मदरबोर्डवर ही मर्यादा ३ अँपिअर असते. काहींवर कमी असते, म्हणून आपली पुस्तिका पाहावी. ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॅट, आणि १२ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ३६ वॅट.

आता खर्चाची बाजू. एआरजीबी पट्टीतील एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर त्याला ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज लागू शकते. ३० दिव्यांच्या पट्टीला १.८ अँपिअर. अशी एक पट्टी लावली तर हिशेब जुळतो. दोन लावल्या की खर्च ३.६ वर जातो, म्हणजे तूट आली. १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली मोठ्या एलईडीची पट्टी मीटरमागे सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर घेते. अशी दोन मीटर पट्टी बसेल, तीन मीटर बसणार नाही.

बाजारात एका जागेची चार तोंडे करणारी वायर मिळते. तिला स्प्लिटर म्हणतात. येथे पुष्कळजण फसतात. स्प्लिटरने तोंडे वाढतात, वीज वाढत नाही. घरात पगार एकाचा आणि खाणारे चौघे झाले म्हणून पगार वाढत नाही, तसेच हे. दिवे अधिक लावावयाचे असतील तर हब घ्यावा. त्याला वीज थेट एसएमपीएसच्या साटा प्लगमधून मिळते आणि मदरबोर्डकडून तो फक्त आज्ञा घेतो. मात्र साटा प्लगलाही मर्यादा आहे. त्यातील प्रत्येक दाबासाठी तीन पिना असतात व प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर. मोलेक्सचे साटा करणारे स्वस्तातले, एकसंध प्लास्टिक ओतून बनविलेले जोड टाळावेत. त्यांच्या आत वायरी एकमेकींना चिकटून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

एसएमपीएस विकत घेताना डब्यावरील मोठा आकडा पाहून भुलू नये. आतल्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. वर ५०० वॅट छापलेले आणि तक्त्यात १२ व्होल्टला १८ अँपिअर, तर गुणाकार येतो २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच २१६ वर जगणार, आणि वर तुमची रोषणाई. कागदावरची बेरीज आणि गल्ल्यातील रोकड यांतील फरक ओळखणे, हेच तर हिशेबाचे काम.

पेटीला हात लावताच झिणझिण्या

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दिवे लावताना मुले पेटीच्या लोखंडी अंगाला वारंवार हात लावतात. कित्येक घरांत तेव्हा हाताला बारीक झिणझिण्या येतात. "थोडा करंट येतोच" असे म्हणून ते सोडून दिले जाते. हे सोडून देण्यासारखे नाही.

एसएमपीएसमध्ये विजेतील खरखर गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते पेटीच्या लोखंडाशी जोडलेले असतात. घरात अर्थिंग चांगले असेल तर तेथून येणारी अत्यल्प वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर पेटीच्या अंगावर सुमारे निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, मीटरवर दिसतो. त्यामागील वीज फारच थोडी असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात. परंतु ती सूचना आहे. तुमच्या घरात अर्थिंग नाही, हे पेटी तुम्हाला सांगत असते. उद्या एखादी जिवंत वायर सुटून त्याच पेटीला लागली तर ती वीज जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. पावसाळ्यात ओली जमीन, पायांत चप्पल नाही, अशा घरात त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

आपल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत शेजारच्या घरातून ओढलेली वायर, दोन पिनांचा जोड, तिसरी जाड पिन मोडून टाकलेला प्लग, हे सर्रास दिसते. यावर उपाय आहे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंगची वायर न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपाला जोडण्याची "युक्ती" कोणी सांगितल्यास ती ऐकू नये. हल्ली नळाचे पाइप बहुधा प्लास्टिकचे असतात, आणि न्यूट्रल तुटला तर साऱ्या पेटीवर पूर्ण दाब येतो. ज्या घरात रोषणाईसाठी पैसा निघतो त्या घरात अर्थिंगसाठी तो आधी निघाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जोडणी करताना

भिंतीवरचे बटण बंद करून, प्लग काढून, मगच पेटी उघडावी. पट्टी चिकटविण्यापूर्वी जागा कोरड्या फडक्याने पुसावी, नाहीतर उष्णतेने चिकटपट्टी सुटते व पट्टी पंख्यात अडकते. कापलेल्या टोकाचे उघडे तांबे पेटीच्या लोखंडाला लागले की शॉर्ट होतो, म्हणून त्यावर इन्सुलेशनची नळी किंवा टेप चढवावी. वायरी पंख्यांपासून आणि प्रोसेसरच्या कूलरपासून दूर बांधाव्यात. दिव्यांच्या पंख्याला बहुधा दोन वायरी असतात, एक फिरण्यासाठी आणि दुसरी दिव्यांसाठी. त्या दोन्ही आपापल्या जागीच लावाव्यात.

"संगणक बंद केला तरी रात्रभर दिवे लागलेले असतात," अशी तक्रार आमच्याकडे अनेक मातांनी केली आहे. यात भुताटकी नाही. संगणक बंद असला तरी एसएमपीएस ५ व्होल्टची थोडी वीज राखून ठेवतो आणि काही मदरबोर्ड ती दिव्यांना देतात. बायोसमधील ईआरपी नावाची सोय चालू केली की बहुधा हे दिवे विझतात. त्याहून सोपा उपाय, झोपताना भिंतीवरचे बटण बंद करावे. बिलाची धास्ती मात्र घेऊ नये. १० वॅटची रोषणाई रोज पाच तास लावली तर महिन्याला दीड युनिट होते.

शेवटी आमची आपल्या कार्यकर्त्यांना एक सूचना आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एक साधा मल्टिमीटर, एक पेचकस संच आणि हिशेबाची एक वही ठेवावी. ज्याला संगणकात दिवा लावावयाचा असेल त्याने आधी वहीत तीन ओळी लिहाव्यात : दिव्याचे व्होल्ट किती, अँपिअर किती, आणि वीज कोठून घेणार. दुसऱ्या कोणी, विशेषतः मुलींनी, ते तपासून सही करावी. जयंतीच्या वर्गणीचा पै न्‌ पैचा हिशेब आपण फलकावर लावतो, मग मुलांच्या यंत्राचा हिशेब वहीत लिहावयास काय हरकत आहे? यातून उद्या कोणी वस्तीतच संगणक जुळवून देण्याचा धंदा करील, कोणी आयटीआयला जाईल, कोणी अभियंता होईल. आणि आई-वडिलांनी मुलाला "हा कसला खेळ" असे विचारण्याऐवजी "याला किती व्होल्ट लागतात रे?" असे विचारावे. उत्तर बरोबर आले तर खुशाल दिवे लावू द्यावेत.

जयभीम.